कोपर नव्हे, चेंडू

नेटमध्ये दहा-बारा वर्षांचं पोर बॅट घेऊन उभं राहिलं की मागून सूचनांचा भडिमार सुरू होतो: “कोपर वर! गुडघा वाकव! मनगट सैल!” कौशल्य शरीरात असतं, तेव्हा शिकणाऱ्याने अवयवांवरच लक्ष ठेवावं, ही त्यामागची समजूत. ती प्रयोगांत टिकलेली नाही.

संशोधक गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली स्कीइंगच्या सराव-यंत्रावर एका गटाला बाहेरच्या पायावर जोर द्यायला सांगितलं, दुसऱ्याला त्याच पायाखालच्या चाकांवर. फरक काही सेंटिमीटरांचा. तरी चाकांवर लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. २००५ च्या बास्केटबॉलवरील प्रयोगात मनगटाऐवजी रिंगकडे लक्ष दिल्यावर फ्री थ्रो अधिक अचूक झाले आणि दंडाच्या स्नायूंची सक्रियताही कमी भरली. वुल्फ यांचं स्पष्टीकरण असं: आपसूक चालणाऱ्या हालचालीत जाणीव ढवळाढवळ करते, तेव्हा शरीर ताठरतं.

“हे मुरलेल्या खेळाडूंचं झालं, नवशिक्याला आधी पाया हवा,” असं प्रशिक्षक म्हणतील. पण १९९९ मध्ये गोल्फच्या प्रयोगात नवशिकेच होते. हातांऐवजी क्लबच्या झोक्यावर लक्ष देणाऱ्यांचेच फटके लक्ष्याच्या जवळ पडले.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. अनुकूल निष्कर्षच जास्त छापले जातात. तो कल वजा केला तर हा फायदा फारच आक्रसतो, असं २०२४ च्या एका मोठ्या फेरतपासणीने दाखवलं. ते मान्य करायलाच हवं. मात्र त्यातून चमत्काराचा दावा पडतो, कोपराचा जप सिद्ध होत नाही. मुलाला अवयवांत गुंतवणाऱ्यानेच आता पुरावा द्यावा.

मग प्रशिक्षकाने तंत्राकडे डोळेझाक करायची का? मुळीच नाही. कोपर कुठे चुकतंय, दुखापतीचा धोका कुठे आहे, हे त्याने बारकाईने पाहावंच. ते ज्ञान त्याच्यापाशी राहू दे. मुलापर्यंत फक्त काय साधायचं ते पोचू दे. “कोपर वर” ऐवजी “चेंडू जमिनीलगत मिडऑफकडे जाऊ दे” म्हणा. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सचिन तेंडुलकरच्या स्टम्पवर रुपयाचं नाणं ठेवत: बाद करेल त्याचं नाणं, नाबाद राहिला तर सचिनचं. तिथेही पणाला लागायची ती विकेट, कोपर नव्हे.

सूचना एका वेळी एकच द्या आणि ती चेंडू, बॅट किंवा लक्ष्य यांच्याविषयी असू द्या. तेवढ्याने काम भागलं नाही, तरच अवयवाचं नाव घ्या. प्रशिक्षकांच्या अभ्यासक्रमांत फटक्यांइतकाच सूचना देण्याचाही सराव असायला हवा, कारण मुलाचं लक्ष कुठे जाईल हे आपली वाक्यंच ठरवतात.