'थेटिस'चे कागद

आमच्या विद्यार्थिबंधूंस पाणबुडीचे कौतुक फार. पृष्ठभागावर असता डिझेल यंत्राने चालावे, त्याच यंत्राने विद्युत्‌घट भरून घ्यावेत आणि बुडी मारल्यावर त्या साठवलेल्या विजेवर नि:शब्द संचार करावा, ही कल्पकता कोणासही मोहील. ब्रिटिश आरमाराच्या 'थंडरबोल्ट'चे वृत्त त्यांतील काहींनी वाचलेही असेल. तिने १५ डिसेंबर १९४० रोजी बिस्केच्या उपसागरात इटलीची 'तारांतीनी' ही पाणबुडी बुडविली आणि जानेवारी १९४३ मध्ये पालेर्मो बंदरावरील छाप्यासाठी मानवचालित टॉर्पेडो वाहून नेले. परंतु या नौकेचे मूळ नाव 'थेटिस' होते, आणि आम्हांस बोलावयाचे आहे ते त्या पहिल्या नावाविषयी.

१ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात तिची चाचणी होती. नौकेवर १०३ माणसे होती. नेहमीच्या संख्येच्या जवळजवळ दुप्पट, कारण कारखान्याचे कारागीर व इतर पाहुणेही सोबत होते. नौका हलकी पडून बुडेना, म्हणून पुढील टॉर्पेडो-नळ्यांत पाणी आहे की नाही हे पाहण्याचे ठरले. पाचव्या नळीचे समुद्राकडील झाकण उघडे होते. आत पाणी असल्यास ते दाखविण्यासाठी एक बारीक छिद्र असते. तेच रंगाने बुजले होते. पाणी दिसेना, म्हणून आतले दार उघडले गेले आणि समुद्र आत शिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी नौकेचे शेपूट पाण्याबाहेर दिसत होते, मदतीची जहाजे भोवती होती; तरी चौघेच जिवंत बाहेर पडले. उरलेले ९९ मेले, ते बहुतांशी आतील हवा दूषित होऊन. रंगाचा तो थेंब केवढा असेल, याचा विचार मनातून जात नाही.

पुढे मृतांच्या कुटुंबीयांनी कारखान्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला व नौकेचे आराखडे आणि करारपत्रे मागितली. आरमारखात्याने नकार दिला. १९४२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, कागद उघड झाल्याने लोकहितास बाध येतो असे मंत्र्याने रीतसर सांगितले म्हणजे न्यायालयाने ते मान्य करावे. १९४६ साली मूळ दाव्यातही कोणीच उत्तरदायी नाही असे ठरले.

आम्ही आरमारखात्यास सर्वस्वी दोष देत नाही. युद्ध पेटले असता पाणबुडीचा आराखडा चव्हाट्यावर मांडणे हा अविचारच झाला असता. शत्रूला तो हवाच होता. पण शत्रूस न दाखविणे वेगळे आणि न्यायाधीशासही न दाखविणे वेगळे. बंद दाराआड एका शपथबद्ध न्यायाधीशाने तो कागद वाचला असता, तर कोणते गुपित फुटले असते? ज्याच्या खात्याचे वर्तन तपासावयाचे, त्याच्याच शब्दावर तपासणी थांबावी, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. विधवेच्या बाजूने पाहिले तर पती गेला तो एका बुजलेल्या छिद्रामुळे, आणि सत्याकडे जाणारे छिद्रही तिच्यापुढे बुजविलेलेच राहिले.

हा नियम ब्रिटनमध्ये १९६८ साली बदलला. हाउस ऑफ लॉर्ड्सनेच असे कागद स्वत: पाहून निर्णय करण्याचा अधिकार न्यायालयाकडे घेतला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७५ साली राजनारायण खटल्यात, संशय असल्यास न्यायालयास कागद तपासता येईल असे सांगितले. पालकांपैकी जे वकिली करतात त्यांस हे ठाऊक असेलच. त्यांनी मुलांस त्यामागील ही पाणबुडीही सांगावी.

'थेटिस' ३ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच दिवशी, वेल्सच्या अँगलसी बेटाच्या किनाऱ्यास लावण्यात आली. दुरुस्त होऊन, नाव बदलून ती युद्धावर गेली. १४ मार्च १९४३ रोजी सिसिलीजवळ 'चिकोन्या' या इटालियन युद्धनौकेने तिला बुडविले. या वेळी आतील एकही माणूस वाचला नाही.