आठ फुटी बोळातली शतपावली



बंगला बांधताना घराच्या कडेने नियमाप्रमाणे जागा सोडावी लागते. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडच्या नव्या वसाहतींत ती बहुधा अशी असते: आठ फूट रुंद, चाळीस फूट लांब. म्हणजे 320 चौरस फूट, गुंठ्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. मग तिचं काय करायचं हे घरातलं कुणी ठरवतच नाही, कंत्राटदार ठरवतो. पेव्हर ब्लॉक! चिखल नाही, झाडायला सोपं, दोन गाड्या लागतात. झालं.

माझं मत याच्या अगदी उलट आहे. एवढ्या लहान घरात मोकळ्या आभाळाखालची जमीन तेवढीच उरलेली असते. ती झाकली की पावसाचं पाणी मुरत नाही, गटारात जातं, आणि एप्रिलमध्ये तापलेल्या ब्लॉकवर अनवाणी पाय ठेववत नाही.

सध्या आमच्या नात्यातल्या एका घरी हाच वाद चालू आहे. मुलाला ब्लॉक हवेत, सुनेला बाग हवी, आणि आजींना कुणी विचारलेलंच नाही. आजी 78 वर्षांच्या. गुडघ्यांमुळे रस्त्यावर जाणं बंद झालंय, मंदिरातही कुणी गाडीतून नेलं तरच. सूर्यास्ताआधी जेवण झालं की उजेड असेपर्यंत त्या या बोळात चालतात. त्यांची साधारण वीस पावलं म्हणजे एक टोक, पाच फेऱ्या झाल्या की शतपावली. गाड्या लागल्या तर ही शतपावली गेली. म्हणून मी सुनेच्या बाजूने आहे, पण तिच्या मनातल्या बागेच्या बाजूने नाही.

कारण तिने मोबाईलवर पाहिलेली बाग अशी: मधोमध सरळ वाट, दोन्ही बाजूंना शिपायांसारख्या उभ्या कुंड्या, टोकाला कारंजं. अरुंद जागेत हे सगळ्यात वाईट. सरळ वाट नजरेला फाटकापासून थेट शेवटच्या भिंतीवर नेऊन आदळते, आणि बोळ होता त्याहून अरुंद वाटतो. शिवाय मधली वाट दोन्हीकडे दोन-अडीच फुटांच्या पट्ट्या ठेवते, ज्यात धड काहीच वाढत नाही.

त्यापेक्षा तीन फुटांची वाट एका कडेने न्यावी, दुसऱ्या बाजूला पाच फूट सलग मिळतात. पंधरा-वीस फुटांवर बांबूची एक ताटी आडवी, अर्ध्या रुंदीची उभी करावी, तिच्यावर गोकर्ण किंवा जाई चढवावी आणि वाट तिथे हळूच दुसऱ्या कडेला वळवावी. एकच वळण, पायरी कुठेही नाही. फाटकातून शेवट दिसला नाही की जागा मोठी वाटते, आणि आजींना पलीकडे जायला काहीतरी निमित्त मिळतं. फरशा आडव्या बसवल्या तर रुंदी वाढल्यासारखी दिसते. टोकाला लाल जास्वंद किंवा कर्दळ लावली की टोक जवळ येतं. बसायला कट्टा हवाच, पण भिंतीलगत लांबलचक नको, ताटीच्या आडोशाला दोघींपुरता पुरे.

कारंजं मला नकोच. बंद पडलं की पाणी साचतं, आठ-दहा दिवसांत डास होतात, आणि मग औषध मारायची वेळ येते. मारायची वेळच येऊ नये अशी बाग करणं आपल्याला जास्त शोभतं. पक्ष्यांसाठी उथळ परळ ठेवा, पाणी रोज बदला.

गंमत म्हणजे अरुंद जागा आपल्या स्वयंपाकघराला फार सोयीची आहे. बटाटा, मुळा, गाजर आपल्याला लावायचंच नाही, त्यामुळे खणून काढायचे वाफे लागत नाहीत. दोडका, कारलं, घेवडा भिंतीलगतच्या जाळीवर वर जातात, जमीन अडवत नाहीत. तोडून घ्यायचं, उपटायचं नाही. एक कढीपत्ता, एक लिंबू, फाटकाजवळ पारिजातक. उंच अशोकाची रांग मात्र लावू नका, बोळाचा बोगदा होतो. आणि वड-पिंपळाची रोपं भिंतीत उगवली तर वेळीच दुसरीकडे हलवा, भिंत फोडतात.

लावण्याआधी ऊन पाहा. पट्टा घराच्या उत्तरेला असेल तर थंडीत तिथे जवळजवळ दिवसभर सावली असते. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेवढंच ऊन. अशा ठिकाणी नागवेल, पुदिना, नेचे लावा. वेलभाज्यांचा हट्ट नको.

आता वाटेबद्दल, कारण खरी बाग तीच आहे. हिरवळीत मधे मधे दगड ठेवायची पद्धत दिसायला सुंदर, पण आपण हिरव्या गवतावर पाय टाळतो, आणि आजींचा तोल दगडावरून दगडावर जाताना राहायचा नाही. चार हात पुढची जमीन पाहून चालावं, ही ईर्यासमिती मुनींसाठी सांगितली असली तरी घरात आजी तिचं जमेल तेवढं पालन करतात. मग फरशी अशी हवी की तिच्यावर मुंगी दिसेल: फिकट रंगाची, एकसारखी, नक्षी नसलेली. खडबडीत शहाबादी चांगली, गुळगुळीत टाइल्स नकोत. पावसाळ्यात इकडे सावलीच्या फरशीवर आठवड्यात शेवाळ धरतं. त्यावर पाय पडणं चातुर्मासात तर नकोच, आणि घसरून खुब्याचं हाड मोडलं तर ते वेगळंच. म्हणून वाटेला झाडांच्या बाजूने हलका उतार द्या, पाणी मातीत जाईल. वरच्या फांद्या जूनच्या आधी विरळ करा, ऊन खाली आलं पाहिजे. रात्रीचे प्रखर दिवे नकोत, किडे येऊन मरतात. गुडघ्याच्या उंचीला एक मंद पिवळा दिवा, तोही गरजेपुरता.

ताटी उभारण्याआधी आजींना चालायला सांगा आणि त्या कोणत्या हाताने भिंतीचा आधार घेतात ते पाहा. कठडा त्या बाजूला लावा, वेल दुसरीकडे.

ब्लॉकवाल्याला आगाऊ रक्कम दिल्याचं कालच कळलं. हरकत नाही. फाटकाजवळ एका दुचाकीपुरती सहा-सात फूट जागा त्याच ब्लॉकने करा, खाली सिमेंट न घालता वाळूवर बसवा, आणि उरलेले परत घेतो का विचारा.