गोटुल आणि बातमीचा चकवा

गडचिरोलीच्या तरुणाबद्दल पुण्या-मुंबईच्या वाचकाला दोनच गोष्टी ठाऊक असतात: बंदूक आणि गोटुल. पहिली पहिल्या पानावर येते. दुसरी अधूनमधून एखाद्या पुरवणीत, नाचणाऱ्या मुलींच्या फोटोसह. मजकुरात लिव्ह-इनशी तुलना ठरलेलीच.

भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया गावांत गोटुल म्हणजे गावाचं घर. अविवाहित मुलंमुली संध्याकाळी तिथे जमतात, गाणी-नाच शिकतात. पाहुणा तिथेच उतरतो, गावाची बैठकही तिथेच बसते. व्हेरियर एल्विन यांचा १९४७चा गाजलेला ग्रंथ बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर आहे. तिथे मुलंमुली रात्री एकत्र राहत. माडियांकडे सहसा नाच संपला की मुली घरी जातात. एवढा फरक सांगायला दोन ओळी पुरतात, पण त्याने मथळा बसत नाही.

यामागे मेंदूची एक खोडही आहे. डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी १९७६ मध्ये लोकांना दोन काल्पनिक गटांबद्दलची वाक्यं वाचायला दिली. मोठ्या गटाची २६, छोट्याची १३. चांगल्या-वाईट वर्तनाचं प्रमाण दोन्हींत सारखंच, नवास चार. तरीही वाचणाऱ्यांना छोटाच गट जास्त वाईट वाटला. दुर्मीळ माणसं आणि दुर्मीळ वाईट कृत्य एकत्र आली की ती जोडी लक्षात राहते, असा त्यांचा खुलासा. प्रयोगात निदान चांगली वाक्यं तरी होती. आपल्या बातम्यांत माडिया तरुणाच्या वाट्याला ती किती येतात?

हा प्रश्न आरोग्याचाही आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण बरेच. त्यात हाडं, सांधे, पोट असह्य दुखतं आणि निदान लवकर व्हायचं तर रुग्णाने मोकळेपणाने बोलायला हवं. पोट दुखतं म्हणून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला समोरच्याने आधी गोटुलाबद्दलच विचारलं, तर ती पुढचं काही सांगणार नाही. वसतिगृहात ज्याला ‘नक्षली’ म्हणून चिडवतात, तो मुलगा मन खचल्यावर समुपदेशकाचं दार ठोठावणं कठीणच. डॉक्टर आणि परिचारिकाही आपल्यासारखेच पेपर वाचून मोठे झालेले असतात. जिल्ह्यात नेमणूक होताना त्यांना माडिया भाषेची तोंडओळख आणि गावात चार दिवसांचा मुक्काम मिळाला, तर पुष्कळ फरक पडेल. बातमीदारांनाही तो वर्ज्य नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या गोंडांनी विस्मरणात चाललेलं गोटुल पुन्हा बांधलं. सागवान वापरलं म्हणून वनखात्याने ते पाडलं, तेव्हा त्यांनी ते परत उभारलं आणि आसपासच्या गावांनीही आपापली बांधली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला तो याच गावाने.