विश्लेषण : कुटुंबजीवन शिक्षणाचा वर्ग सकाळी अकराला नेमका कुणासाठी?

गावात किशोरवयीन मुलींसाठी कार्यक्रम म्हटलं की चित्र ठरलेलं असतं. सकाळी अकराची वेळ, शाळेचा व्हरांडा, मागे बॅनर, तालुक्याहून आलेले पाहुणे, तासाभराचं भाषण आणि शेवटी ग्रुप फोटो. पण जिची शाळा सुटली आहे, ती मुलगी त्या वेळी कापूस वेचत असते किंवा घरी धाकटी भावंडं सांभाळत असते. लग्नाची घाई तिच्याच घरी जास्त असते, आणि फोटोत नेमकी तीच नसते.

हे शिक्षण म्हणजे काय?

पाळी, शरीरातले बदल आणि लग्नाचं वय एवढ्यावर ते संपत नाही. पहिलं मूल कधी हवं, घरातला पैसा कुणाच्या हातात, दारू, मारहाण, नवरा-बायकोतला अबोला हे सगळं त्यात येतं. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं ते १९२१ मध्ये. शतक उलटलं, तरी गावातले पाहुणे अजून ‘आहार व स्वच्छता’ यावरच थांबतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के महिलांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. कायदा २००६ चा आहे, माहितीही बऱ्यापैकी पोहोचली आहे. अडतं ते आखणीत.

पाचोडमध्ये काय वेगळं केलं?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठण तालुक्यात पाचोड आहे. इथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ या संस्थेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग सुरू केले. शाळा सुटलेल्या आणि कामाला जाणाऱ्या मुलींवर भर होता. वर्ग वर्षभराचा, सुट्टीचे दिवस वगळून रोज संध्याकाळी एक तास. शिकवणारी गावातलीच बाई. अट फक्त किमान सातवी शिकलेली असण्याची. काय शिकवायचं हे ठरवताना पालकांनाही सामील करून घेतलं होतं.

१९९७ ते २००१ या काळात या भागात मुलींच्या लग्नाचं मध्यक वय १६ वरून १७ वर गेलं. एकच वर्ष, तेही कायद्याच्या अठरापेक्षा कमीच. पण सोळाव्या वर्षी सासरी जाणाऱ्या मुलीला एक वर्ष म्हणजे काय, हे तिच्या आईला विचारावं. एका दिवसाच्या शिबिराने एवढं हलत नाही.

संध्याकाळची वेळ साधी वाटते, पण सगळी मेख तिथेच आहे. तोवर कामं उरकलेली असतात. शिकवणारी ओळखीची असल्याने ‘काय गं, काय शिकवतेस पोरींना?’ हे तिला पाण्याच्या रांगेतही विचारता येतं. त्यातून आयांचाही वर्ग आपोआप होतो.

दुसऱ्या गावात हेच चालेल?

जसंच्या तसं नाही. बीडच्या ऊसतोड पट्ट्यात दिवाळीनंतर गाव अर्धं रिकामं होतं आणि माणसं परततात ती पाडव्याच्या आगेमागे. तिथे मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. लवकर लग्न लावण्यामागे हा हिशेबही असतो. अशा ठिकाणी जानेवारीतलं शिबिर कुणासाठी? वर्ग गाळप संपल्यावर तरी घ्यावा, नाहीतर कारखान्याच्या तळावर न्यावा.

दुसरी चूक म्हणजे फक्त मुलींना बोलावणं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाची मुलं आणि मुली दोन्ही आहेत. गावात मात्र हा विषय ‘बायकांचा’ ठरतो. लग्नाची तारीख बाप आणि मामा ठरवतात, नातवंडाची घाई सासूला असते आणि साधन वापरायला नवरा तयार नसतो. या सगळ्यांना सोडून सतरा वर्षांच्या मुलीला ‘निर्णयक्षमता’ शिकवायची, हा तिच्यावरच अन्याय आहे. पुरुषांची बैठक जेवणानंतर पारावर होऊ शकते. भजनी मंडळ जमतंच की!

मुलगी बोलली तर?

आखणीत सर्वाधिक राहून जातो तो हा प्रश्न. शिकवणारी गावातलीच असल्याने कुणाच्या तरी नात्यात असणार. त्यामुळे नाव न लिहिता प्रश्न टाकायची पेटी आणि वर्गातलं बाहेर न नेण्याची अट पहिल्याच दिवशी हवी. त्या पेटीत ‘माझं लग्न पुढच्या महिन्यात आहे, मला करायचं नाही’ अशी चिठ्ठी निघाली, तर? बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामपंचायत अधिकारीच (पूर्वीचा ग्रामसेवक) असतो, आणि अनेकदा कार्यक्रमाचा पाहुणाही तोच. गावात रोज सगळ्यांशी संबंध असलेल्या या माणसाकडे मुलगी स्वतःहून जाईल, हे गृहीत धरता येत नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक भिंतीवर असतो, पण तिच्याकडे फोन असतोच असं नाही. त्या दिवशी तिच्यासाठी फोन कोण करणार, हे वर्ग सुरू होण्याआधीच लिहून ठेवलेलं असावं.