विश्लेषण : आनुवंशिक अंधत्वावर जनुकीय उपचार; परभणीच्या रुग्णाने किती आशा धरावी?

जिंतूर किंवा पालमकडच्या एखाद्या गावात मुलाला दिवेलागणीनंतर दिसत नाही असे लक्षात आले, की सल्ला ठरलेला असतो : पालेभाज्या खाऊ घाला, अ जीवनसत्त्वाचा डोस द्या. तो चुकीचा नाही. पण रातांधळेपणा वर्षागणिक वाढत असेल, बाजूचे दिसणे आकसत जाऊन नळीतून पाहिल्यासारखे होत असेल आणि काका-आत्यालाही हाच त्रास असेल, तर 'रेटिनायटिस पिगमेंटोसा' या आनुवंशिक आजाराची शंका घ्यायला हवी.

हा आजार आपल्याकडे वाटतो तितका दुर्मीळ नाही. जगात साधारण चार हजारांमागे एकाला तो होतो, असे मानले जाते. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या लोकांच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे 750 मागे एक निघाले. दोषी जनुकाची एकच प्रत असलेल्याला बहुतेक प्रकारांत काही त्रास होत नाही. नात्यात लग्न झाले, की तोच दोष दोन्हीकडून मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता वाढते. मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत अजून गेलेली नाही. तरीही मूल अधू झाले की बोल मात्र सुनेलाच लागतो. या प्रकारात निम्मा वाटा बापाचा असतो, हे घराघरांत सांगायला हवे.

खरी प्रगती किती?

डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेत 'लक्सटर्ना' या जनुकीय औषधाला मान्यता मिळाली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत 'आरपीई 65' या जनुकाची निर्दोष प्रत दृष्टिपटलाखाली सोडली जाते. उपचारानंतर अंधूक उजेडात अडखळणारे अनेक रुग्ण वाट काढू लागले. मात्र किंमत एका डोळ्याला सव्वाचार लाख डॉलर ठेवली गेली. शिवाय दृष्टिपटलाचे आजार अडीचशेहून अधिक जनुकांतल्या दोषांमुळे होतात; हे औषध त्यातल्या एकाच जनुकासाठी, आणि पेशी जिवंत असतील तरच.

पेशी मेल्यावर काय, याचे उत्तर दुसऱ्या वाटेने शोधले जात आहे. शेवाळातील प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक डोळ्यात सोडून, खास गॉगल लावून, 58 वर्षांच्या एका अंध रुग्णाला टेबलावरच्या वस्तू शोधता आल्या, असे 2021 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दाखवले. त्याला वाचता येऊ लागले, असे मात्र नाही.

तोवर काय?

आशा आणि अडचण यांच्यामधल्या फटीत दुकानदारी शिरते. 'स्टेम सेल'ने नजर परत आणतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागून शेत विकू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार डोळ्याच्या अशा आजारांत स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच होऊ शकतो. चाचणीसाठी रुग्णाकडूनच पैसे मागितले जात असतील, तर तिथून उठून यावे.

करण्यासारखे मात्र बरेच आहे. या रुग्णांना मोतीबिंदू लवकर होतो, मध्यबिंदूला सूजही येते. दोन्हींवर उपचार आहेत. 'आता काही होणार नाही' म्हणून तपासणीच सोडणारे हेही गमावतात. 2016 च्या कायद्यानुसार मिळणारे दिव्यांग प्रमाणपत्र शिक्षणात आणि नोकरीत उपयोगी पडते.

सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून आहे, पण जिल्हा पातळीवर त्याचा अर्थ अजूनही मुख्यतः मोतीबिंदूचे शिबीर असाच घेतला जातो. परभणीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस आनुवंशिक नेत्रविकारांची ओपीडी, समुपदेशक आणि कुटुंबनिहाय नोंदवही असावी. कोणत्या घरात कोणते जनुक बिघडले आहे हे ठाऊक नसेल, तर उद्या औषध स्वस्त झाले तरी ते कोणाला द्यायचे हे कळणार नाही. जनुक चाचणीसाठी रुग्णाने हैदराबादची गाडी पकडायलाच हवी असेही नाही. परभणीत काढलेला रक्ताचा नमुना पाठवता येतो.