भयानक कीं बीभत्स?

प्रेक्षक कंटाळेल या भीतीपोटीं जवळजवळ पुरें झालेलें चित्र कपाटांत टाकून द्यावें आणि तीच कथा दुसऱ्या दिग्दर्शकाकडून पुन्हां चित्रित करून घ्यावी, असा प्रकार चित्रपटसृष्टींतही विरळाच. १९७३ च्या 'दि एक्झॉर्सिस्ट'ची पूर्वकथा सांगण्याचें काम अमेरिकेंतील मॉर्गन क्रीक या संस्थेनें पॉल श्रेडर यांच्याकडे सोंपविलें होतें. त्यांचें चित्र पुरेसें भेसूर नाहीं असें ठरलें आणि रेनी हार्लिन यांस पाचारण झालें. नायकाचा नट तोच, छायालेखकही तोच. हार्लिन यांचें 'एक्झॉर्सिस्ट : दि बिगिनिंग' २००४ सालीं आलें, श्रेडर यांचें 'डोमिनियन' त्यामागून २००५ सालीं. एकाच बीजाचीं हीं दोन झाडें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे एका जुन्या गैरसमजाचें मूळ हातीं लागतें.

आमच्या साहित्यशास्त्रानें भयानक आणि बीभत्स हे रस निराळे मानले आहेत. एकाचा स्थायी भाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. किळस आली म्हणजे माणूस तोंड फिरवितो. खरें भय वाटलें म्हणजे त्याला तोंड फिरवितां येत नाहीं. हा भेद विद्यार्थ्यांस एका तासांत समजतो. चित्रनिर्मात्यांस मात्र तो लक्षावधि डॉलर खर्चूनही उमगूं नये, याला काय म्हणावें?

कथेचा नायक फादर मेरिन. महायुद्धांत हॉलंडमधील एका गांवीं नाझी अधिकारी त्याला बजावतो कीं, आपला एक शिपाई मारला गेला आहे. गांवकऱ्यांतून मरणासाठीं दहाजण निवड, नाहीं तर सारेच मरतील. मेरिन बोट दाखवितो, आणि त्या दिवशीं त्याची श्रद्धा संपते. श्रेडर यांनीं हा प्रसंग आरंभींच सलग दाखविला आहे. हार्लिन यांनीं त्याचे तुकडे करून ते आठवणी म्हणून मधून मधून पेरले. पुढें मेरिन पुराणवस्तुसंशोधक होऊन पूर्व आफ्रिकेंत एक गाडलेलें चर्च उकरूं लागतो.

श्रेडर यांचा सैतान तेथील एका पंगु, सर्वांनीं झिडकारलेल्या तरुणाच्या अंगांत शिरतो. आणि तो तरुण झिजत नाहीं, पिसाळत नाहीं, उलट दिवसेंदिवस बरा होत जातो! याहून अंगावर कांटा आणणारी कल्पना आम्हांस तरी ठाऊक नाहीं. देवाजवळ जें मागावें तें सैतान न मागतां देऊं लागला, तर श्रद्धा गमावलेल्या माणसानें कोणाला कसें ओळखावें? तेथील इंग्रज मेजर संतापाच्या भरांत एका गांवकरी स्त्रीला गोळी घालतो, तेव्हां मेरिनपुढें हॉलंड पुन्हां उभें राहतें. आणि त्या मेजरच्या अंगांत तर कोणीही शिरलेलें नसतें.

हार्लिन यांच्या चित्रांत काय आहे? तरसें एका मुलाचे लचके तोडतात. शेवटीं सैतान एका डॉक्टरीणबाईंच्या ठिकाणीं विद्रूप चेहऱ्यानिशीं प्रगट होतो. सारी १९७३ ची उसनवारी.

श्रेडर यांचें चित्र संथ आहे, असा आक्षेप घेतात. आहेच. त्यांतील यंत्रनिर्मित प्राणी खोटे दिसतात, हेंही खरें; तुटपुंज्या पैशांत उरकलेल्या कामाच्या या खुणा आम्ही झांकीत नाहीं. (ओझू, ब्रेसाँ आणि ड्रायर यांच्यावर १९७२ सालीं ग्रंथ लिहिणाऱ्या गृहस्थांकडून धांवपळीची अपेक्षा कोणीं व कां धरली, हें मात्र आमच्या बुद्धीपलीकडचें आहे.) पण गमावलेली श्रद्धा किंकाळीसरशी परत येत नसते, तिला वेळ लागतो, आणि तो वेळ पडद्यावर दिसावा लागतो. सैतान मेरिनला हॉलंडचा तो दिवस पुन्हां दाखवितो. या खेपेस मेरिन बोट दाखवीत नाहीं, प्रतिकार करतो. तरीही माणसें मरतातच. हें पाहूनही तो प्रार्थना सोडीत नाहीं. निर्मात्यांस या प्रसंगांत भय दिसलें नाहीं.