चित्रपटानंतरचा स्वाध्याय



चित्रपट आणि स्वाध्याय हे दोन शब्द शेजारी आले की काही ज्येष्ठांच्या कपाळी आठी उमटते. तथापि १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी चित्रपट संपताच उठून न जाता त्यावर बोलत बसण्याची रीत महाराष्ट्रात रुजविली. त्याच रीतीने सफाळ्यातील आम्ही काही कुटुंबे चातुर्मासात, चोविहार आटोपल्यावर, एका घरच्या ओटीवर जमतो. या खेपेस आनंद गांधी यांचा ‘शिप ऑफ थिसियस’ पाहिला. २०१३ साली प्रदर्शित झालेल्या या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला आहे.

त्यातील मैत्रेय मुनींचा पंथ काल्पनिक असला तरी त्यांची चर्या आपल्या ओळखीची वाटते. औषधनिर्मितीसाठी प्राण्यांवर होणाऱ्या प्रयोगांविरुद्ध ते न्यायालयात लढतात. पुढे त्यांनाच यकृताचा विकार जडतो. ज्या औषधांमागे जीवांची वेदना आहे ती घ्यावीत कशी? ते नकार देतात, अन्नत्यागाकडे वळतात आणि अखेरीस उपचार स्वीकारतात. नीरज काबी यांची खंगत गेलेली काया पाहवत नाही.

“शेवटी हरलेच की,” एक तरुण म्हणाला. हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याच्या आजींनी शांतपणे विचारले, “मी सकाळी रक्तदाबाची गोळी घेते, तेव्हा मीही हरते का रे?” ओटीवर कोणी बोलेना. मग तोच म्हणाला, “आजी, ती गोळी बंद करायची नाही हं.” त्याच्या स्वरात भीती होती.

येथे एका श्रावकाने आचार्य समंतभद्रांचा ‘रत्नकरंड श्रावकाचार’ काढला. उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य वा रोग, आणि तोही ज्यावर उपायच उरलेला नाही असा. अशा वेळी सल्लेखना सांगितली आहे. मैत्रेयांच्या रोगावर तर उपाय होता! शिवाय जगण्याची इच्छा जशी सल्लेखनेचा अतिचार, तशीच मरणाचीही. २०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्यास आत्महत्या ठरविले आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. तेव्हा आपण मोर्चे काढले, पण हा भेद आपल्याच मुलांना किती जणांनी समजावून सांगितला?

मला विचाराल तर मुनींच्या होकाराचा क्षण दिग्दर्शकाने फार घाईने उरकला आहे. आजींना मात्र ते पटले नाही. “तो क्षण दाखवायचा नसतोच,” त्या म्हणाल्या. गोळी त्या घेतात. पण ती कशी तयार होते, हे नातवाने आपल्याला नीट सांगावे, अशी अट त्यांनी घातली आहे. नातू अजून टाळतो आहे.

पुढील बैठकीस १९३६ चा ‘संत तुकाराम’ ठरला. आपल्या चातुर्मासात विठोबा कशाला, अशी कुरकुर झालीच. आजी म्हणाल्या, “मला तुकोबा नाही, जिजाई पाहायची आहे.”